त्रेचाळीस फूट म्हणजे

आमच्या कोल्हापुरात जुलैच्या शेवटाला
माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत.
"किती झालं?"
"साडेसदतीस."
एवढ्यात सगळं येतं.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
पोरांना हे पाढ्यांच्या आधी पाठ.

माझे वडील, आकाराम चौगले,
बंधाऱ्यावर पट्टी वाचायचे. तासातासाला.
बॅटरी, इरलं, आणि दुधाच्या पिशवीत
घडी घालून ठेवलेला तक्ता.
पट्टी फुटात. तक्त्यातला रकाना मीटरात.
साहेब म्हणाले, गुणायचं, त्यात काय.
वडिलांनी चौथीनंतर कशाला गुणलं नव्हतं.
ते काम माझ्याकडं आलं, मी आठवीत होते.
शून्य पॉइंट तीन शून्य चार आठ.

ते पावसातून ओरडायचे, "एकेचाळीस, सात!"
मी चौकीत लिहायचे, बारा पॉइंट सदुसष्ट.
ओरडलेलं पाणी आणि लिहिलेलं पाणी
एकच होतं म्हणे,
पण समोरासमोर आली असती
तर ओळख पटली नसती.

एकदा विचारलं, हा फूट कुणाचा?
"असंल कुठल्या तरी राजाचा.
आपल्या पायाला कोण इचारतंय?"
आमच्या गल्लीतला इराप्पा चप्पल करायचा.
कागदावर पाय ठेवायला लावून
भोवतीनं पेन्सिल फिरवायचा, गुदगुल्या व्हायच्या.
तो सांगायचा, डावा-उजवा सारखा असलेला माणूस
अजून दुकानात आलेला नाही.
मग राजानं कुठला पाय दिला?

आपल्याकडं तरी काय, सगळं अंगावरच होतं.
बोट, मूठ, वीत, हात, वाव.
विहिरीत पाणी दोन पुरुष.
त्यात उडी टाकणाऱ्या बायकांची उंची
कुणी धरली नाही.

मीटर मात्र कुणाच्या अंगातून निघाला नाही.
फ्रान्सात दोन माणसं सात वर्षं हिंडली,
मनोऱ्यांवर चढली, हेर म्हणून पकडली गेली,
उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या वाटेचा
कोटीवा हिस्सा काढायला.
आणि तो चुकला.
दोन-तीन केसांच्या जाडीइतका आखूड.
चूक तशीच ठेवून जगानं कापड मोजलं.
हे वाचलं तेव्हा मला मीटर
पहिल्यांदा जरा आपला वाटला.

त्या रात्री बेचाळीस फूट अकरा इंच.
मी लिहिलं, तेरा पॉइंट शून्य आठ.
चौकीच्या दारात गोदाक्का, डोक्यावर पोतं,
हातात दाव्याचं टोक.
"किती, गं?"
मी हुशारीनं मीटरात सांगितलं.
"म्हंजे म्हस हलवू का नको?"
माझ्याकडं त्याचं उत्तर नव्हतं.
वडिलांनी अंगठ्याचं पेर धरून दाखवलं,
"एवढं ऱ्हायलंय."
ती वळली, अंधारात म्हशीला हाळी देत.

आता तिथं सेन्सर आहे.
तो भिजत नाही, ओरडत नाही, दशांश चुकवत नाही.
मी मोबाईलवर मीटर बघते,
मनात उलटं भागते,
आणि वडिलांच्या कानाशी फूट ओरडते.
त्यांना कमी ऐकू येतं.
"इंच सांग, इंच," म्हणतात.

गेल्या महिन्यात इराप्पाच्या मुलानं
घरी येऊन त्यांचा पाय कागदावर घेतला.
तो गेल्यावर मी दुसरा कागद घेतला,
पेन्सिल फिरवली, पट्टी लावली.
डावा साडेनऊ इंच.
उजवा सुजून कसाबसा दहाला टेकलेला.
तीस वर्षं ज्या मापात नदी हाकारली
ते माप त्यांच्या पायाला ढिलंच होतं.

कागद घडी घालून
तक्त्यांच्या पिशवीत ठेवलाय.
वर एकक लिहिलेलं नाही.